पेणचे डोळे, रोह्याची भट्टी

कुणाच्या घरी चहाला गेले की कप रिकामा झाल्यावर मी बशी उलटी करून तिचा तळ बघते. सूनबाईला याची फार लाज वाटते. परतीच्या वाटेवर रिक्षात बसल्याबसल्या ती माझी हजेरी घेते, "आई, निदान ज्यांच्याकडे पहिल्यांदा जातो तिथे तरी नको ना!" पण पंचवीस वर्षं चिनी मातीची भांडी रंगवण्यात गेलेल्या बाईनं दुसरं काय करावं? भांडं दिसलं की तळ बघायचा आणि माणूस दिसला की डोळे, या माझ्या दोन खोडी आहेत. डोळ्यांची खोड पेणची आणि तळाची रोह्याची.

या अंकासाठी लिहा म्हणणाऱ्या मंडळींनी मला 'तुमचा कलाप्रवास' असा भारदस्त विषय दिला होता. प्रवास म्हणाल तर तो पेण ते रोहा एवढाच. एस.टी.नं दोन तास, आणि वडखळला गाडी अडकली तर देवाला ठाऊक किती. त्यात कुणी शाल दिली, कुणी नारळ दिला, हे सांगण्यात मला रस नाही आणि ऐकण्यात तुम्हालाही नसावा. मला एका वर्षाबद्दल सांगायचंय. पण आधी थोडं पेणचं आणि थोडं भट्टीचं सांगावं लागेल, नाहीतर त्या वर्षी माझ्या हातून काय गेलं ते कळायचं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, पेणला गणपती करायचे. आमचा कारखाना म्हणजे घराची पुढची पडवी, मागची पडवी आणि मध्ये जी काय जागा उरेल ती. जेवायला बसलं तरी पाठीशी शंभरेक गणपती असायचे. आई माती मळायची, धाकटा भाऊ दिनू साचे भरायचा आणि मी रंग द्यायचे. शेला, पीतांबर, दागिने, उंदीर, सगळं माझ्याकडे. नववीत असताना गिऱ्हाईक "मालूनं रंगवलेला द्या" असं सांगून मूर्ती ठरवून जायचं. फक्त डोळे माझ्याकडे नव्हते.

मूर्तीचे डोळे लिहिण्याला आम्ही आखणी म्हणतो. ती सगळ्यात शेवटी. रंग, दागिने, सगळं होऊन मूर्ती तयार झाली तरी आखणी होईपर्यंत ती नुसती बसलेली असते, आखणी झाली की बघायला लागते. आधी डोळ्यात पांढरा भरायचा, मग वरच्या पापणीची रेघ, मग बाहुली, आणि बाहुलीत मोहरीएवढा पांढरा ठिपका. पापणीची रेघ एका श्वासात ओढायची. मध्ये श्वास घेतला तर रेघेत दिसतो. आप्पा आखणीला बसले की घरात भांडंसुद्धा वाजवायची सोय नव्हती. हे काम आधी आजोबांचं, मग आप्पांचं आणि पुढे दिनूचं, हे दिनू जन्मायच्या आधीच ठरलेलं होतं. पेणच्या इतर कारखान्यांत बायका डोळे लिहायच्या, नाही असं नाही. आमच्याकडे नाही.

मी चोरून शिकले. सोंड तुटलेला किंवा हात मोडलेला गणपती परत मातीत जायच्या आधी मी त्याला डोळे काढायचे आणि लगेच ओल्या फडक्यानं पुसून टाकायचे. एकदा पुसायच्या आत मागे आप्पा उभे. आता धपाटा बसणार म्हणून मी खांदे आवळले. त्यांनी मूर्ती उचलून उजेडाला धरली. बराच वेळ बघितली.

"हात चांगला हाय तुझा," ते म्हणाले. मग मूर्ती पाण्याच्या पिंपात सोडली. "पन आपल्यात बायमाणूस डोळं लिवत नाय, मालू."

पहिलं वाक्य ते बोललेच नसते तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. दुसऱ्या वाक्यावर मी एकदा रडून मोकळी झाले असते. पहिल्या वाक्यानं मला जन्मभर कामाला लावलं.

लग्न होऊन मी रोह्याला आले. यजमान धाटावच्या कंपनीत, शिफ्टची नोकरी, आणि आमचं बिऱ्हाड रोह्यालगतच्या वरशाला. नव्वद साल उजाडता उजाडता वरशाच्या टोकाला जोगकाकांनी चिनी मातीचं काम सुरू केलं. पत्र्याची लांब शेड आणि तिच्या मागे डिझेलवर चालणारी भट्टी. जोगकाका मुंबईत शिकून, तिथली चांगली नोकरी सोडून गावाकडे आलेले. अंगानं काटकुळे, आणि अडचणीचं काही बोलायचं झालं की आधी चष्मा पुसणारे. रंगकामाला बायका हव्यात असं कळलं म्हणून मी गेले. त्यांनी हातात कुंचला देऊन "काहीही काढा" म्हटलं. मी दोन डोळे काढले. बाकीचा चेहरा काढलाच नाही.

"उद्यापासून या," ते म्हणाले.

हे काम कसं चालतं ते सांगते. कच्चं भांडं वाळवून एकदा भाजायचं. ते विटेसारखं कोरडं निघतं. त्यावर चित्र काढायचं. मग अख्खं भांडं झिलईच्या पातळ चिखलात बुडवायचं, आणि दुसऱ्यांदा भट्टीत घालायचं. दुसऱ्या भाजणीत झिलईची काच होते आणि खालचं चित्र वर येतं. ऐकायला सोपं वाटतं. पण पेणच्या माणसाचे इथे हाल. निळा रंग म्हणून जो हातात देतात तो दिसतो काजळीसारखा, हिरवा दिसतो राखेसारखा. मोर काढायचा तो काळा काढायचा आणि निळा आहे असं धरून चालायचं. वर झिलई चढली की तोही दिसेनासा होतो, समोर नुसतं पांढरं भांडं. आपण काय केलं ते दोन दिवस आपल्यालाच कळत नाही.

माझी पहिली भट्टी मी बुडवली, ती अगदी पेणच्या पद्धतीनं. बारा ताटल्यांवर बारा बायका काढायच्या होत्या. नाक, ओठ, नथ, अंबाडा, सगळं काढलं आणि डोळे ठेवले शेवटाला. शेवट म्हणजे माझ्या लेखी झिलई चढल्यावरचा. पांढऱ्या थराखाली चेहरा कुठे असेल ते अंदाजानं हेरून मी घरून नेलेल्या पोस्टर कलरनं वरून चोवीस डोळे लिहिले, एकेक रेघ एकेका श्वासात. भट्टी उघडली तेव्हा बारा आंधळ्या बायका बाहेर आल्या. पोस्टर कलर जळून कधीच उडून गेला होता.

जोगकाका इतके हसले की चष्मा पुसायला त्यांना खरंच कारण मिळालं. "मालतीबाई, इथे डोळे आधी," ते म्हणाले. "शेवटचा हात विस्तवाचा." त्यातली एक ताटली त्यांनी शेडच्या दारावर टांगून ठेवली. मला तिची वर्षभर लाज वाटली, नंतर ती माझी मैत्रीण झाली.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. वरशातल्या एका निवृत्त मास्तरांना दारावर नावाची फरशी हवी होती. आधी फक्त स्वतःचं नाव लिहा म्हणाले, मग बायकोचंही, मग मुलाचं. फरशी भट्टीतून निघाली त्याच आठवड्यात त्यांचं मुलाशी वाजलं आणि ते फरशी घेऊन आले, "एवढं खालचं नाव काढून टाका." भाजलेलं नाव निघत नाही हे मी त्यांना तीनदा सांगितलं. शेवटी वैतागून तशीच घेऊन गेले. दिवाळीला मुलगा घरी आला तेव्हा नाव दारावर होतं, हे मला त्यांच्या बायकोनं बाजारात थांबवून सांगितलं.

आणि कोलाडचा तो हॉटेलवाला. हायवेवरचं हॉटेल, बश्या टिकेनात. म्हणून त्यानं प्रत्येक बशीच्या तळाला लिहून मागितलं, 'ही बशी कोलाडच्या हॉटेलातून ढापलेली आहे.' मी सहा डझन बश्यांवर ते वाक्य सुबक अक्षरात लिहिलं. पुढे एका हळदीकुंकवाला माझ्याच नात्यातल्या एका वजनदार बाईंकडे चहा घेतला आणि बशी उलटी केली. माझं अक्षर मला न ओळखायला काय झालं! मी बशी सुलटी ठेवली आणि म्हटलं, "वहिनी, बश्या छान आहेत हं." त्या म्हणाल्या, "माहेरच्या आहेत."

मग हिराबाई. ही वडखळजवळच्या खाडीकाठच्या गावची, मिठागरावर काम करणारी. जोगकाका लोणच्याच्या बरण्या जुन्या पद्धतीनं करायचे. भट्टी तापून लालेलाल झाली की आत मिठाच्या पुड्या टाकायच्या, मिठाची वाफ होते आणि बरणीवर आपोआप काच चढते. ते मीठ हिराबाई टेम्पोतून आणायची. घरचा गणपती ती आमच्या आप्पांकडून न्यायची, त्यामुळे मिठाबरोबर माहेरची खबरही यायची. तिला रंगकामाचं काही कौतुक नव्हतं. "मीठ टाकून काच व्हतंय, मंग आमी मिठात उभी राहून काचेची कशी नाय झालो गो?" असं विचारून ती आम्हाला हसवायची.

पंचाण्णव-शहाण्णवचं साल असेल. पावसाळ्याच्या तोंडाशी मिठाच्या शेवटच्या खेपेला आली तेव्हा ती हसली नाही.

"तुजा बापूस उजवा हात डाव्या हातानं धरून बसतंय," ती म्हणाली. "डोलं लिवायला घेतलं का हात थरथरतंय. मी बगितलं."

"आणि दिनू?"

"दिन्याला कुटं येतंय? तो फवाऱ्यानं रंग मारतंय निस्ता."

त्या दिवसापासून मी वाट बघायला लागले. कशाची ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. बापाचा हात कापतोय याचं दुःख होतं, आणि त्या दुःखाच्या पोटात एक आशा होती, आता तरी मला बोलावतील. या आशेची मला लाज वाटायची आणि तरी ती जायची नाही. मी आपणहून जाऊन "आप्पा, मी लिहिते डोळे" म्हणू शकले असते. पण मला त्यांनी बोलवायला हवं होतं. हात चांगला आहे हे ज्यांनी सांगितलं, त्यांनीच.

त्याच सुमारास जोगकाकांना त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं. अलिबागच्या बाजूला मुंबईचं एक कुटुंब घर बांधत होतं. त्या घराच्या एका भिंतीवर साठ फरश्या मिळून एक चित्र करायचं होतं, नदीवर पाणी भरायला आलेल्या बायका. त्या घरातला पहिला गणपती त्या भिंतीसमोर बसायचा होता. सगळे चेहरे माझ्याकडे होते.

श्रावण लागायच्या सुमारास एका सकाळी शेडच्या दारात आप्पा उभे. हातात छत्री आणि पिशवीत पेणचे पोह्याचे पापड. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात माझ्या कामाच्या जागी ते पहिल्यांदा आले. नेमके जोगकाका मुंबईला गेले होते. आप्पांनी आधी दारावरची आंधळी ताटली बघितली, मग आत आले. बाकावर काही फरश्या झिलई चढवून ठेवल्या होत्या. पांढऱ्याफेक.

"चित्र कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आत आहे आप्पा. भट्टीतून आल्यावर दिसतं."

त्यांनी एका फरशीवरून बोट फिरवलं. "आन् तयार झालेल्या?"

साठच्या साठ भट्टीत होत्या. आदल्या दिवशी विस्तव बंद केला होता. बाकावरच्या त्या जास्तीच्या, काही बिघडलं तर म्हणून ठेवलेल्या. भट्टी थंड व्हायला पुरे दोन दिवस लागतात. भट्टीचं दार म्हणजे रचून लिंपलेल्या विटाच, त्यातल्या एका विटेला तळहात लावायचा, वीट गार लागली तरच दार उघडायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. नव्या बायकांकडून मी तो घोकून घेत असे.

"उद्या दुपारी उघडेल. राहा ना आजच्या दिवस."

"मूर्ती पडल्यात तिकडं. साडेतीनची गाडी हाय," आप्पा म्हणाले. आणि मग, खाली बघत, "बगितल्या असत्या. हिराबाय सांगत व्हती, डोळं लय झ्याक करतेस."

एवढं ऐकल्यावर मी जे केलं ते मला आज करायला सांगाल तर आजही करीन, आणि आजही चुकीन. मी भट्टीपाशी गेले. वीट गरम होती. चटका बसावा इतकी नाही, पण गरम. मी मनाशी म्हटलं, दोन विटा काढायच्या, वरच्या फळीवरची एक फरशी फडक्यानं ओढायची आणि लगेच दार लिंपायचं. एक फरशी. मी दोन विटा काढल्या.

फरशी निघाली. तिच्यावर कळशी डोक्यावर घेतलेली एक बाई होती, निळीशार, आणि ती सरळ आप्पांकडे बघत होती. आप्पांनी फरशी फडक्यात धरली. त्यांचे दोन्ही हात कापत होते. त्यांनी पापणीची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

"एका दमात वडलीस," ते म्हणाले.

तेवढ्यात आतून आवाज आला. टिण्ण. मग परत. मग लागोपाठ, कुणी काचेवर खडे मारावेत तसे. बाहेरची थंड हवा आत गेली होती. मी विटा परत लावायला धावले, हात भाजून घेतला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आप्पांच्या हातातली फरशीसुद्धा मधोमध तडकली, बाईच्या गळ्यापासून कळशीपर्यंत. डोळे तेवढे शाबूत राहिले. आप्पांना काय झालं ते लगेच कळलं. माती त्यांचीही होतीच.  तडकलेली फरशी पापडांच्या पिशवीत घालून साडेतीनच्या गाडीनं गेले.

साठांतल्या एकोणचाळीस गेल्या होत्या.

जोगकाका परत आल्यावर मीच त्यांना तडकलेल्या फरश्यांसमोर उभं केलं. त्यांनी चष्मा पुसला, घातला, परत काढून पुसला.

"का उघडलीत?"

"आप्पा आले होते. त्यांना दाखवायचं होतं."

"दाखवलंत?"

"हो."

"मग आता परत करू या," ते म्हणाले आणि कोरड्या फरश्या मोजायला गेले. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर पुढचं सोपं गेलं असतं.

पंधरवड्यानं हिराबाई आली. मिठाचे दिवस नव्हते, ती रोह्याला भाचीकडे आली होती, वाट वाकडी करून शेडवर आली. "बापसानं निरोप दिलाय," ती म्हणाली. "बोलला, मालूला सांग डोलं करायला ये. या वक्ताला सगल्या मूर्तीचं तूच कर."

मी तिला ते परत सांगायला लावलं. तिनं सांगितलं. मी म्हटलं, अगदी असंच म्हणाले? "व्हय गो, असंच. आता काय लिवून आणू?"

माझ्या पुढ्यात सतरा फरश्या झाल्या होत्या आणि बावीस व्हायच्या होत्या. चेहरे दुसरं कुणी करू शकत नव्हतं, एका बाईचे डोळे एका हाताचे आणि शेजारणीचे दुसऱ्या हाताचे असं भिंतीवर चालत नाही. जोगकाकांना सांगितलं असतं तर ते चष्मा पुसून "जा" म्हणाले असते. म्हणून मी त्यांना सांगितलंच नाही. भट्टी मी उघडली होती.

"त्यांना सांग, इथलं संपलं की येते. बाकीच्या मूर्ती दिनूला कुणाकडून तरी करून घेऊ दे. घरच्या गणपतीचे डोळे मी लिहिणार. तो ठेवा म्हणावं माझ्यासाठी."

"गनपती काय तुज्या भट्टीसाठी थांबतंय?" हिराबाई म्हणाली. पण निरोप तिनं पोचवला.

दिनूनं शेजारच्या कारखान्यातला एक आखणीवाला आणला आणि कारखान्यातल्या मूर्ती त्याच्याकडून करून घेतल्या. मी इकडे रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बायकांचे डोळे लिहीत होते आणि मनातल्या मनात गणपतीचे. भट्टी लागली, विस्तव बंद झाला, आणि या खेपेला वीट पार गार होईपर्यंत मी तिच्याकडे फिरकले नाही. हरतालिकेच्या दिवशी सकाळी दार उघडलं. एकही फरशी तडकली नव्हती. जोगकाकांनी फरश्या भाताच्या पेंढ्यात बांधून टेम्पोत चढवल्या, अलिबागला गवंडी थांबला होता. मी त्याच टेम्पोत पुढे बसले. उपास होता, पोटात चहाचा घोटसुद्धा नव्हता, आणि मला भूक म्हणून लागली नव्हती.

गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा हायवे कसा असतो ते कोकणात जाणाऱ्यांना सांगायला नको. वडखळच्या अलीकडे टेम्पो जो थांबला तो थांबलाच. तासभर वाट बघून मी खाली उतरले आणि चालायला लागले. नाक्यावर टेम्पोवाल्यांच्या शिव्या, प्रत्येक गाडीच्या टपावर मखरं. नाक्यापलीकडे एका रिक्षावाल्यानं मला पेणपर्यंत घेतलं. घरी पोचले तेव्हा ऊन पडवीतून मागे सरून अंगणात गेलं होतं.

पडवी रिकामी होती. सगळ्या मूर्ती गेल्या होत्या. पाटावर एकटा घरचा गणपती, आणि त्याच्यासमोर आप्पा. त्यांच्या हातात कुंचला होता. डोळे लिहून झाले होते.

उजवा डोळा बरा होता. डाव्या पापणीची रेघ मध्ये दोन ठिकाणी थांबली होती आणि दोन्ही ठिकाणी जाड झाली होती. डावी बाहुली एका बाजूला सरकलेली. त्यामुळे गणपती समोर न बघता दाराकडे बघतोय असं वाटत होतं.

"थांबलो व्हतो गो," आप्पा म्हणाले. "दुपार टळली. म्हटलं, नाय येत आता. बिनडोळ्याचा बसवायचा कसा?"

दिनू आतून आला. "मी सांगत होतो ताई येईल म्हणून. ऐकतात कुठे!"

आप्पांनी कुंचला माझ्यापुढे धरला. "रंग वला हाय अजून. पूस नि लिव तू."

मी पदर खोचून पाटासमोर बसले. एका हातात कुंचला, दुसऱ्यात ओलं फडकं. पुसणं मला नवीन नव्हतं, माझे स्वतःचे डोळे मी त्याच पडवीत शेकड्यांनी पुसले होते. आता फक्त एकदाच पुसायचं होतं आणि मग जे नववीपासून मागत होते ते माझं होतं, आप्पांच्या समोर, त्यांनीच आपल्या तोंडानं दिलेलं. दिनूनं चांगला उजेड यावा म्हणून खिडकीवरचं पोतं बाजूला केलं. आप्पा माझ्या हाताकडे बघत होते. मी त्या डाव्या पापणीकडे बघत राहिले. ती रेघ थांबली होती तिथे आप्पा थांबले होते, हाताला हात धरून. ती त्यांच्या आखणीतली शेवटची रेघ होती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

तो गणपती आमच्याकडे दीड दिवस बसला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी डोळ्यांकडे बघितलं आणि आप्पांकडे बघून प्रसादाला हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेणच्या भोगावती नदीच्या पाण्यात ते डोळे विरघळले. माझे अलिबागच्या भिंतीवर आहेत, ती भिंत कुणी पाडेपर्यंत राहतील.

पुढच्या वर्षापासून दिनूनं आखणीला कायमचा माणूस ठेवला. आप्पा आणखी सहा वर्षं होते. पडवीत खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या हाताकडे बघत असायचे. त्यांनी मला परत बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही.  आमच्या घरात एकदा झालेलं बोलणं परत काढायची रीत नव्हती, एवढंच. जोगकाकांची शेडही कालांतरानं बंद झाली. मी घरी बसले. हात अजून स्थिर आहे. गणपतीचे दिवस आले की पेणहून जाणारा प्रत्येक ट्रक मला थांबवावासा वाटतो.

पेणच्या कारखान्यातली मुलगी म्हटल्यावर लोक हमखास विचारतात, तुम्ही किती गणपतींचे डोळे लिहिलेत? मी खरं ते सांगते. एकाचेही नाही. त्या दिवशी आप्पांच्या समोर मी फडकं खाली ठेवलं, कुंचला वाटीतल्या पाण्यात बुडवून स्वच्छ धुतला, त्याचं टोक बोटांनी नीट जुळवलं आणि म्हटलं, "आप्पा, डोळे छान झालेत."

"खोटं बोलतेस," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं, आणि कुंचला त्यांच्या हातात परत दिला.